नाशिकचे कोरीव लेख आणि व्यापारास आधारभूत सेवा
गोवर्धनाच्या श्रेणी, कोकणातील तर आणि कल्याणचे बंदर यांचा एक अभ्यास

१. विषयाची मांडणी

आर्थिक विकासाचा जो क्रम पाठ्यग्रंथांतून सांगितला जातो, तो बहुधा शेतीपासून निघतो, कारखानदारीतून जातो आणि सेवाव्यवसायांपाशी येऊन थांबतो. कॉलिन क्लार्क यांच्या १९४० सालच्या ग्रंथाने ही त्रिविध विभागणी रूढ केली, आणि तेव्हापासून सेवाव्यवसाय हे संपन्न समाजाचे उत्तरकालीन लक्षण होय, अशी समजूत दृढ झाली. या समजुतीची मुळे अधिक जुनी आहेत. अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली चाकर, वैद्य, वकील व राज्याचे अधिकारी यांचे श्रम अनुत्पादक वर्गात घातले होते. ज्या श्रमातून हाती धरता येईल अशी वस्तू निर्माण होत नाही, तो श्रम समाजाच्या संपत्तीत भर घालीत नाही, असा त्यामागील विचार होता.

भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात आज सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. कारखानदारीचा टप्पा पुरता गाठण्यापूर्वीच आपण सेवांकडे वळलो, ही गोष्ट कित्येक अभ्यासकांस अनैसर्गिक वाटते. हा क्रम खरोखरच निसर्गसिद्ध आहे काय, की तो केवळ युरोपातील दोन शतकांच्या अनुभवाचे सामान्यीकरण आहे? या प्रश्नाचे उत्तर देण्यास इतिहासाचे साहाय्य घ्यावे लागते. आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या बाबतीत नाशिकइतका बोलका पुरावा क्वचितच अन्यत्र सापडेल.

नाशिकच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मी डोंगरावर जी चोवीस लेणी आहेत, त्यांतील लेख भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर व सेनार यांनी वाचले आणि पुढे महामहोपाध्याय मिराशी यांनी त्यांचे मराठीत साक्षेपाने विवरण केले. राजवंशांचा कालानुक्रम, धर्माचा इतिहास आणि प्राकृत भाषेचा अभ्यास यांसाठी या लेखांचा भरपूर उपयोग झाला आहे. परंतु दानलेख म्हणून वाचले गेल्यामुळे त्यांतील आर्थिक आशय पुष्कळदा धर्माच्या प्रकरणात जाऊन बसतो. प्रस्तुत निबंधात हेच लेख व्यापारास आधार देणाऱ्या सेवांचे दस्तऐवज म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्या सेवा कोणत्या होत्या, त्या कोण पुरवीत असे, आणि व्यापाराचा मार्ग खुला असणे वा नसणे यामुळे त्यांच्या फलात काय फरक पडे, एवढेच प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

२. गोवर्धनाचे स्थान

लेखांत ज्या गोवर्धनाचा वारंवार उल्लेख येतो, ते नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी असलेले आजचे गंगापूर-गोवर्धन होय, असे सामान्यतः मानले जाते. गोवर्धन हे नगर होते, तसेच ते एका आहाराचे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे मुख्य ठाणेही होते. सातवाहन राजा आपल्या अमात्यास आज्ञा पाठवितो ती गोवर्धनास.

या नगराचे महत्त्व त्याच्या जमिनीच्या सुपीकतेपेक्षा त्याच्या जागेत अधिक होते. पूर्वेस गोदावरीच्या खोऱ्याने प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, आणि त्यापलीकडे तगर, म्हणजे तेर, या बाजारपेठा जोडल्या होत्या. पश्चिमेस थळघाट उतरला की कल्याण आणि शूर्पारक, म्हणजे सोपारा, ही बंदरे हाताशी येत. वायव्येस भरुकच्छ, म्हणजे भडोच, हे त्या काळचे पश्चिम भारतातील सर्वांत मोठे बंदर. दख्खनच्या पठारावरून समुद्राकडे निघालेला माल कोणत्या बंदरास न्यावयाचा याचा निर्णय जेथे करावा लागे, त्या फाट्यावर नाशिक वसलेले आहे. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी नाशिकच्या जुन्या टेकाडावर केलेल्या उत्खननाने या वस्तीचे प्राचीनत्व पुरातत्त्वाच्या साधनांनीही सिद्ध केले आहे.

अशा स्थानी कोणकोण येत असे, हे लेण्यांतील दात्यांच्या नामावळीवरून समजते. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्री येथून आलेला यवन होता. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचा खर्च धंभिक गावच्या लोकांनी केला. वीर नावाचा गृहपती आपणास नैगम, म्हणजे नगरातील व्यापारी, म्हणवितो आणि पत्नी व कन्या यांच्यासह दान देतो. शक, यवन, ग्रामस्थ आणि नैगम ही मंडळी एकाच डोंगरावर शेजारी शेजारी आढळतात, याचे कारण केवळ धर्मश्रद्धा नव्हे. त्यांस तेथवर आणणारी वाट एकच होती.

३. ठेव, व्याज आणि श्रेणी

नहपान क्षत्रपाचा जावई, दीनीकाचा पुत्र उषवदात याने दहाव्या क्रमांकाचे लेणे कोरविले. त्यातील ४२ या वर्षाच्या लेखात संघासाठी त्याने केलेल्या एका आर्थिक योजनेचा तपशील आहे. ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही परत न घेण्याची कायमची ठेव, त्याने गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० कार्षापण कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका निकायाकडे दरमहा दरशेकडा १ या व्याजाने. आणि १,००० कार्षापण विणकरांच्याच दुसऱ्या निकायाकडे दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी १२ कार्षापण द्यावयाचे होते. दुसऱ्या ठेवीचे व्याज 'कुशणमूल' या नावाच्या खर्चासाठी होते. या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

हा हिशेब ताडून पाहण्याजोगा आहे. २,००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्यास २० आणि वर्षास २४० कार्षापण. वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. जमा आणि खर्च यांत एका कार्षापणाचेही अंतर नाही. याच डोंगरावरील दुसऱ्या एका लेखात वेलिदत्त नैगमाचा पुत्र रामण्णक याने १०० कार्षापणांची अक्षयनीवी संघाच्या हाती दिल्याचा उल्लेख असून, तीतून वर्षावास करणाऱ्या एका भिक्षूस बारा कार्षापणांचे वस्त्र द्यावे, असे म्हटले आहे. शंभरावर वर्षास बारा, म्हणजे पुन्हा दरमहा शेकडा १. एक दाता राजाचा जावई आणि दुसरा साधा व्यापारी, तरी दोघांच्या हिशेबामागे व्याजाचा दर एकच दिसतो. यावरून या प्रदेशात ठेवीच्या व्याजाचा एक सर्वमान्य दर रूढ होता आणि त्याच्या भरवशावर लोक पुढील अनेक वर्षांचे खर्च निश्चित करीत, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

हा दर त्या काळच्या मानाने जास्त होता की कमी? कौटिलीय अर्थशास्त्रात दरमहा शेकडा सव्वा हा धर्म्य दर, ५ हा व्यापारी दर, अरण्यातून जाणाऱ्यांसाठी १० आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी २० असे उतरत्या सुरक्षिततेचे दर दिले आहेत. शास्त्रग्रंथांतील दर व्यवहारात जसेच्या तसे चालत असतील असे मानता येत नाही. तथापि त्यांवरून दरांचा परस्परसंबंध कळतो. नाशिकच्या विणकरांनी ठेवीवर देऊ केलेला दर धर्म्य दराहूनही कमी आहे. वर्षाकाठी शेकडा बारा किंवा नऊ देऊन जे भांडवल त्यांच्या हाती येई, ते सूत, रंग व माग यांत गुंतवून, किंवा व्यापाऱ्यास अधिक दराने देऊन, त्यांना त्याहून अधिक मिळकत होत असली पाहिजे. एरव्ही मुद्दल कधीच परत न मागितली जाणारी ही जबाबदारी त्यांनी वंशपरंपरा पत्करली नसती. दोन निकायांचे दर वेगवेगळे आहेत, हेही अर्थपूर्ण आहे. दात्याने एकच दर लादला असता तर तसे झाले नसते. प्रत्येक निकायाने आपली गरज आणि कुवत पाहून बोलणी केली असावीत.

येथे विणकरांची श्रेणी दुहेरी भूमिका बजावीत आहे. ती वस्त्र निर्माण करते आणि त्याच वेळी पेढीचे कामही करते. उत्पादन अगोदर व सेवा नंतर, असा क्रम येथे लावताच येत नाही. पेढीच्या कामामुळे उत्पादनास भांडवल मिळते आणि उत्पादनामुळे पेढीस पत मिळते. भिक्षूंस वस्त्रासाठी मिळालेले पैसे पुन्हा गोवर्धनाच्याच विणकरांकडे जात असणे संभवते. तसे असल्यास ठेवीने त्यांना भांडवलाबरोबर गिऱ्हाईकही मिळवून दिले, असे म्हणावे लागेल.

या व्यवहाराची आणखी एक बाजू आहे, व प्रस्तुत लेखकास ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दान निगमसभेत ऐकविण्यात आले आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले, असे लेखात म्हटले आहे. निगमसभा ही नगरातील व्यापाऱ्यांची सभा, आणि फलकांची जागा म्हणजे आजच्या भाषेत दस्तऐवज नोंदणीची कचेरी. राजाच्या जावयालाही आपला व्यवहार व्यापाऱ्यांच्या सभेपुढे जाहीर करून नोंदवून घ्यावा लागला. ठेव ठेवणारा मरेल, सत्ता बदलेल, श्रेणीतील माणसे बदलतील; परंतु नोंद राहील, हा विश्वास या व्यवस्थेच्या मुळाशी होता. साक्ष, नोंद व हिशेब यांतून हाती धरता येईल अशी कोणतीही वस्तू निर्माण होत नाही. पण त्यांच्यावाचून ३,००० कार्षापण उषवदाताच्या पेटीतून विणकरांच्या मागापर्यंत पोहोचलेच नसते.

४. वाटेवरील सेवा

उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखात त्याच्या दानांची मोठी यादी आहे. गाई, गावे, सुवर्ण आणि ब्राह्मणभोजन यांचा उल्लेख अशा याद्यांत नेहमीचाच. पण त्यांच्या मध्येच पुढील गोष्टी येतात: भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी चौसोपी धर्मशाळा व उतारूंसाठी निवारे, विहिरी, तलाव व बागा, इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर नावांनी विनामूल्य तर, आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया.

या नावांचा नकाशा मांडून पाहिला म्हणजे दानाचे भौगोलिक सूत्र ध्यानात येते. तापी तर परिचितच आहे. पारदा म्हणजे पार नदी, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. भडोचहून सोपाऱ्याकडे किनाऱ्याने येणाऱ्यास या नद्या ओलांडाव्या लागतात. ज्या चार नगरांत धर्मशाळा बांधल्या, त्यांत किनाऱ्यावरील दोन बंदरे, दख्खनच्या वाटेवरील गोवर्धन आणि माळव्याच्या वाटेवरील दशपूर, म्हणजे मंदसोर, यांचा समावेश होतो. पुण्यक्षेत्रांची निवड केवळ पुण्यासाठी झाली असती तर ती इतकी काटेकोरपणे व्यापारी मार्गावर पडती ना.

किनाऱ्याच्या वाटेवर सहा ठिकाणी तर फुकट करणे याचा आर्थिक अर्थ काय? बैलांच्या तांड्यास प्रत्येक नदीवर नावाड्याशी घासाघीस करावी लागते. त्यात पैसा जातो, वेळ जातो, आणि खर्च किती येईल याचा अंदाज आधी बांधता येत नाही. मोठ्या सार्थवाहास हा भार पेलतो. पाच-सहा बैल घेऊन निघालेल्या लहान व्यापाऱ्यास पेलत नाही. तर विनामूल्य झाल्याने सर्वांत मोठा लाभ या लहान व्यापाऱ्याचा होतो, आणि बाजारात माल घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. धर्मशाळा व पाणपोई यांचेही असेच आहे. मुक्कामाची सोय ठरलेली असेल तर प्रवासाचे दिवस मोजता येतात, आणि दिवस मोजता आले म्हणजे मालाची किंमत ठरविता येते.

या सेवा चालविण्यास नावाडी, पाणके आणि धर्मशाळेचे राखणदार लागत. त्यांच्या वेतनाची तरतूद कशी होती हे लेखात सांगितलेले नाही. परंतु नारळीच्या बागांच्या दानांवरून उत्पन्नाची सोय लावून देण्याची रीत कळते. नानंगोल गावातील ३२,००० नारळीची झाडे पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख व शूर्पारक येथील रामतीर्थ या ठिकाणच्या चरकांच्या परिषदांस दिलेली आहेत. आणि कापूर आहारातील चिखलपद्र गावची ८,००० झाडे त्रिरश्मीच्या योजनेत समाविष्ट आहेत. किनाऱ्यावरील बागेचे उत्पन्न घाटावरील संस्थेस मिळावयाचे, तर नारळ विकून पैसा घाटावर पोहोचविणारा कोणीतरी हवा. म्हणजे दान हे स्वतःच व्यापारावर आणि व्यापारातील सेवांवर अवलंबून होते.

५. भडोचचे वाटाडे आणि कल्याणचा अडथळा

समुद्राच्या बाजूचे चित्र 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील नाविक मार्गदर्शिकेतून मिळते. तिचा अज्ञात कर्ता इजिप्तमधील ग्रीक व्यापारी असून काळ सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य मानतात. भडोचच्या बंदरात इटालियन, लाओडिसियन व अरबी मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि सोन्यारुप्याची नाणी उतरत. रोमन नाणे स्थानिक नाण्यांत बदलून घेण्यात नफा असे, हे तो आवर्जून सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगराहून निरनिराळ्या प्रतींचे पुष्कळ कापड गाड्यांतून भडोचला येई.

भडोचचे बंदर मात्र स्वभावतः चांगले नव्हते. नर्मदेचे मुख उथळ, भरतीओहोटी भयंकर आणि प्रवेशाची वाट चिंचोळी. परकी तारवे तेथे फुटत. यावर उपाय म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात, परकी तारवांस वाट दाखवीत व भरतीच्या हिशेबाने ओढून ठरलेल्या जागी नांगरून देत. निसर्गाने जे दिले नव्हते ते सेवेने भरून काढले, आणि एक अवघड खाडी पश्चिम भारताची मुख्य पेठ बनली.

आता कल्याणकडे वळू. तेच पुस्तक सांगते की, थोरल्या सरगनसाच्या काळी कल्याण ही कायदेशीर बाजारपेठ होती. पण ती संदनेसाच्या हाती गेल्यापासून तेथील व्यापारास फार अडथळा आला, आणि जी ग्रीक तारवे चुकून तेथे जातात ती पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सरगनस हा कोणी सातवाहन राजा असावा; संदनेस कोण याविषयी मतैक्य नाही. परंतु तारवे भडोचला नेली जात, त्या अर्थी या अडथळ्याचा लाभ भडोचच्या धन्यास होत होता, यात संशय नाही. त्याचे मंबनस असे जे नाव ग्रंथात येते, ते नहपानाचे होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या बंदीची किंमत कोणी दिली? पैठणपासून कल्याणचे अंतर सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर आहे, भडोचचे सुमारे ३५०. पेरिप्लसच्या हिशेबाने पैठणहून भडोचची वाट वीस दिवसांची, आणि तगर पैठणच्याही पलीकडे दहा दिवस. जवळचे बंदर परकी गिऱ्हाइकास बंद झाल्यावर तगरच्या कापडाने महिनाभराचा प्रवास करून दूरच्या बंदरी जावे, हे ओघानेच आले. बैलांचा चारा, गाडीवानांचे वेतन आणि वाटेतील नुकसान हे सारे कापडाच्या किमतीत मिळविता आले असते तर गोष्ट निराळी. परंतु भडोचमध्ये त्या कापडास गुजरात व माळव्याच्या कापडाशी स्पर्धा करावी लागे. म्हणून हा बोजा अखेरीस तगरच्या विणकराच्या मजुरीवर पडला असावा, असे अनुमान निघते. कल्याणच्या बंदरातील हमाल, नावाडी व दलाल यांचा धंदा बसला, तो निराळाच.

याच ठिकाणी आपल्या विषयातील खरी गुंतागुंत दिसू लागते. ज्या सत्तेने सहा नद्यांवर तर मोफत केले आणि गोवर्धनास धर्मशाळा बांधली, त्याच सत्तेच्या बंदराकडे परकी तारवे पहाऱ्यात वळविली जात होती. उत्तम सेवा आणि खुला व्यापार या गोष्टी नेहमी हातात हात घालून येतात असे नाही. किंबहुना सहा नद्यांवरील मोफत तर हीच किनाऱ्यावरील माल भडोचकडे ओढून घेण्याची एक युक्ती असू शकेल. ज्या वाटेवर पाणपोई आहे ती वाट व्यापाऱ्यास आवडते. पण दुसरी वाट जोवर मोकळी आहे तोवरच त्या आवडीस निवडीचे स्वरूप येते. सेवा या व्यापाराचे सामर्थ्य वाढवितात. त्या सामर्थ्याचा लाभ कोणास मिळावयाचा हे बंदरे खुली आहेत की नाहीत यावर ठरते.

६. राज्यक्रांती आणि संस्थांचे सातत्य

गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो प्रचंड साठा सापडला, त्यातील तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला आहे. विजेत्याने पराभूताचे नाणे बाद केले नाही. त्याच चकतीवर आपले चिन्ह उमटवून ते चालू ठेवले. लोकांच्या पदरी असलेली बचत व व्यापाऱ्यांची येणी त्यामुळे एका रात्रीत बुडाली नाहीत. व्यापारास नाण्याची अखंडता ही किती आवश्यक सेवा आहे, हे यावरून ध्यानात येते.

जमिनीच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. आपल्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंस दिले. २४ व्या वर्षाच्या लेखात मात्र निराळी हकीकत आहे. भिक्षूंस पूर्वी दिलेले कखडी गावचे शेत कसले जात नाही आणि ते गाव ओसाड आहे, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीपैकी १०० निवर्तने त्याऐवजी द्यावीत, अशी आज्ञा गोवर्धनाच्या अमात्यास झाली आहे. युद्धानंतर एक गाव उठले, म्हणजे त्या गावावर अवलंबून असलेले दान आटले.

श्रेणींची गोष्ट याच्या उलट दिसते. दहाव्या लेण्याच्या आवारातच आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा एक लेख आहे. त्याचा काळ सामान्यतः तिसरे शतक मानतात. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने, त्रिरश्मीवरील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे अक्षयनीवी ठेवल्याचे त्यात नमूद आहे: कुलरिकांच्या श्रेणीकडे १,००० कार्षापण, ओदयंत्रिकांच्या, म्हणजे जलयंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २,०००, शिवाय आणखी एका श्रेणीकडे ५००, आणि तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडेही काही रक्कम. क्षहरात गेले, सातवाहन गेले, आभीर आले. तरी गोवर्धनाच्या श्रेणींकडे ठेव ठेवणे सुरक्षित आहे, असा विश्वास एका स्त्रीस वाटत होता. इतकेच नव्हे, तर विणकरांपुरती दिसणारी ही पेढीची सेवा आता इतर कारागिरांतही पसरली होती. एका शेताचे उत्पन्न एका गावावर अवलंबून असते. श्रेणीची पत नगराच्या सबंध व्यापारावर अवलंबून असते. दुसरी पत पहिल्या उत्पन्नाहून चिवट ठरली, असे या दोन लेखांच्या तुलनेवरून म्हणता येईल.

७. पुराव्याच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनास काही मर्यादा आहेत, त्यांचा निर्देश करणे अवश्य आहे. पहिली कालगणनेची. उषवदाताच्या लेखांतील वर्षे शक संवताची मानली तर ४२ वे वर्ष म्हणजे इसवी सन १२० होते. पेरिप्लसमधील मंबनस म्हणजे नहपान मानून त्याचा काळ पहिल्या शतकात नेणारा पक्ष अलीकडे बळावला आहे. प्रस्तुत युक्तिवाद मात्र यांपैकी कोणत्याही एका पक्षावर आधारलेला नाही.

दुसरी मर्यादा अशी की, संस्थांचे लेख हे यशस्वी व्यवहारांचे लेख असतात. बुडालेली ठेव कोणी दगडावर कोरीत नाही. तिसरी, आणि अधिक गंभीर, मर्यादा ही की, या व्यापाराने सामान्य शेतकऱ्याचे जीवन किती सुधारले याचे मोजमाप या साधनांतून करता येत नाही. ४,००० कार्षापणांस एक शेत विकत घेणारा उषवदात आणि त्या शेतात राबणारे कुणबी यांच्यात किती अंतर होते, याविषयी लेख मौन पाळतात. म्हणून येथे सिद्ध होते ती वाढीची मात्रा नव्हे. वाढ ज्या यंत्रणेतून होत असे तिची रचना तेवढी सिद्ध होते.

८. उपसंहार

नाशिकच्या लेखांवरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, सेवाव्यवसाय हे विकासाचे शेवटचे फळ होय, हे मत या प्रदेशाच्या इतिहासास लागू पडत नाही. पेढी, नोंदणी, तर, धर्मशाळा आणि बंदरातील वाटाडे या सेवा वस्त्रोद्योगाच्या वाढीच्या काळीच अस्तित्वात होत्या व त्या वाढीच्या कारणांपैकी होत्या. दुसरा, या सेवा कोणा एकाच संस्थेने पुरविल्या नाहीत. राजा, श्रेणी, संघ आणि निगमसभा यांनी आपापला वाटा उचलला. तिसरा, सेवांचे फळ सर्वांस मिळावयाचे तर मार्ग मोकळे असावे लागतात. कल्याणची पेठ अडविली गेली तेव्हा पठारावरील उत्पादकाच्या हातून बाजाराची निवड गेली.

हा तिसरा निष्कर्ष नाशिककरांस केवळ पुराणवस्तू वाटण्याचे कारण नाही. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईचे बंदर नाशिकच्या जुन्या वाटेस पुन्हा जोडले गेले. आज त्या मार्गाच्या परिसरातील मुख्य निर्यात कांद्याची आहे. लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारांत अडते, मापारी, हमाल, वाहतूकदार आणि निर्यातदार या सर्वांची सेवा त्या एका पिकाभोवती उभी आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर शेकडा ४० निर्यातशुल्क बसले, तेव्हा जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत. आणि उरलेले शेकडा २० शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठले. शहरातील ग्राहकास स्वस्त कांदा मिळावा हा त्यामागील हेतू उघड होता व तो अप्रामाणिक म्हणता येणार नाही. संदनेसाच्या पहाऱ्याशी त्याची बरोबरी करणे इतिहासास धरून होणार नाही. एकाचा हेतू प्रतिस्पर्धी बंदर मारण्याचा होता, दुसऱ्याचा महागाई आवरण्याचा. परंतु परिणामाची वाट सारखीच आहे. चाळ, लिलाव, मालमोटार आणि बंदरातील शीतगृह ही साखळी कितीही सुव्यवस्थित असली, तरी तिचे शेवटचे टोक अकस्मात बंद झाले म्हणजे भार मागे सरकत सरकत शेतकऱ्यावर येऊन पडतो, कारण आपले पीक घेऊन दुसऱ्या पेठेस जाण्याचे स्वातंत्र्य साखळीत सर्वांत कमी त्यालाच असते.

तगरच्या विणकराने त्याविषयी काय म्हटले, हे कोणी कोरून ठेवले नाही. लासलगावच्या शेतकऱ्याचे म्हणणे मात्र नोंदविले जाऊ शकते, आणि भावांच्या व आवकेच्या दैनंदिन नोंदी बाजार समित्यांच्या दप्तरांत आहेत. निर्यातबंदीपूर्वीच्या, बंदीच्या काळातील आणि बंदीनंतरच्या या नोंदी घेऊन, भार कोणाकोणावर किती पडला याचा काटेकोर हिशेब मांडणे, हे आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज साध्य व अत्यंत उपयुक्त असे काम आहे. उषवदाताच्या लेखनिकाने २,००० कार्षापणांचा हिशेब २४० पर्यंत जुळवून दाखविला. आपल्या काळाच्या हिशेबातही तेवढी काटेकोरता असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.